चाकांचं सोवळं

पानाची पिंक वाळली की कथ्थई दिसते आणि पाय जरा लांब टाकून ओलांडता येते. ओली असली की ती चाकाला चिकटते, चाकाबरोबर फिरत वर येते आणि तळहाताला लागते. हे ज्ञान मला साठी उलटल्यावर झालं. तोपर्यंत मी आपली दोन पायांवर चालत होते आणि रस्त्याशी माझा संबंध चपलेपुरताच होता.

पाठीचं ऑपरेशन झालं, पायांतली ताकद गेली ती गेलीच, आणि तीन वर्षांपूर्वी हाताने ढकलायची व्हीलचेअर घरात आली. आमचं घर इकडे हिंदी मुलखात, लष्कर नावाच्या वस्तीत, माधवगंजच्या एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर. राहणाऱ्या आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. धाकटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिचे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी चांगली धडधाकट होते. आम्हा दोघींच्या मधला भाऊ इंदूरला असतो. खुर्ची आली त्याच दिवशी त्याने फोनवर सांगितलं, "ताई, तू कामाला बाई ठेव. धाकटीला मी इकडे घेऊन येतो. तुला उचलता उचलता ती स्वतः पडायची."

"मी कुठे जात नाही," धाकटी मागून ओरडली.

"बघू. पण कोणी एकदा जरी पडलं ना, तर मग मी दोघींचंही ऐकणार नाही."

तेव्हापासून माझा जीव त्या एका गोष्टीत अडकलेला होता. धाकटी गेली तर मला अंघोळ कोण घालणार? परकी बाई? तिच्या तोंडाला कसला वास येत असेल, तिने हात कुठे कुठे लावले असतील!

म्हणून मी खुर्चीचे नियम अगदी काटेकोर पाळायचं ठरवलं. फिजिओथेरपीवाली मुलगी आठ दिवस घरी येऊन शिकवून गेली. खुर्चीत बसताना आणि उठताना दोन्ही ब्रेक लावायचे, एक नाही, दोन्ही. पाय ठेवायच्या पट्ट्यांवर उभं राहायचं नाही, खुर्ची तोंडावर पडते. पदर कमरेला खोचायचा, नाहीतर चाकात जातो. मागच्या दांड्यांना पिशव्या अडकवायच्या नाहीत, मागे वजन झालं की खुर्ची उलटते. उतारावरून खाली जाताना खुर्ची पाठमोरी न्यायची. आमच्या दाराचा उतार बघून तर तिने कपाळालाच हात लावला. "दीदी, ये रैंप है कि फिसलपट्टी?" तिचं काही चूक नव्हतं. दाराला दोन उंच पायऱ्या, त्यापुढे हातभर ओटा, आणि गल्ली इतकी अरुंद की उतार लांब करायला जागाच नाही. गवंड्याने जेवढ्या जागेत बसेल तेवढ्यात तो बसवला, आणि त्याचं खालचं टोक उघड्या नालीवर टाकलेल्या फरशीवर आणून सोडलं. "इस पर रोकना मत," ती म्हणाली, "सीधे ऊपर, समतल पर जाके ब्रेक." आणि जाता जाता आणखी एक सांगितलं: "गाड़ी पानी से कभी मत धोना. कपड़ा निचोड़ के पोंछ दो, बस."

सगळं मी वहीत लिहून घेतलं, विद्यार्थ्यांना लिहायला लावायचे तसं, आकडे घालून. शेवटचं वाक्य लिहिलं आणि मनात म्हटलं, हे काही जमायचं नाही.

कारण रस्ता! काय सांगू रस्त्याचं. चालणाऱ्या माणसाला तो वरून दिसतो. खुर्चीत बसलं की तो नाकाखाली येतो. शेण, कुत्र्यांची घाण, सडका भाजीपाला, कोणीतरी भिंतीकडे तोंड करून नुकतीच केलेली लघवी, आणि त्यावर गुटख्याच्या पुड्या. आपण चाक ढकलतो ते बाजूच्या कड्याने, रबराने नाही, हे खरं. पण कडं आणि रबर यांच्यात अंतर असतं बोटभर. अंगठा रबराला लागतोच. दौलतगंजाच्या बाजारात एकदा खड्ड्यात चाक अडकलं, तर तोंडात गुटखा भरलेला एक गृहस्थ न विचारता मागून आला आणि ढकलायला लागला. मी म्हटलं, "भैया, पहले पूछिए तो!" तो मान वर करून, तोंडातलं सांडू नये म्हणून, म्हणाला, "पूछना क्या माताजी, शेवा है." त्याची ती शेवा माझ्या मानेवर शिंतोड्यांनी आली. दुसऱ्या एका दुकानदाराने मला पायरी चढवायला खुर्ची हात टेकायच्या दांड्यांना धरून उचलली. त्या दांड्या काढता-घालता येतात, तर एक त्याच्या हातात आणि मी तिरकी लोंबकळतेय! त्याच्या काखेचा वास मला आठवडाभर पुरला. माणूस मुळात घाणेरडा प्राणी आहे हे माझं मत चालत होते तेव्हाही होतं. बसल्यावर ते पक्कं झालं.

तर अशा रस्त्यावरून फिरलेली चाकं सरळ घरात? देवघरासमोरून? स्वयंपाकघरात? लहानपणी आमच्या घरी बाहेरून आलेला माणूस, मग तो साक्षात जावई का असेना, पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. वडील देवळात पूजा करायचे. त्यांनी आम्हाला दुसरं काही दिलं नसेल, पण ही एक शिस्त दिली. चाकं म्हणजे माझ्या चपलाच. फरक इतकाच की त्या मला दाराबाहेर काढून ठेवता येत नाहीत. घरासाठी दुसरी खुर्ची घ्यायचा विचार केला होता, पण मग दारातल्या त्या हातभर ओट्यावर एकीतून दुसरीत बसायचं कसं? तेव्हा एकच उपाय उरला. धुणं.

ते धुणंही कसं, ऐका. बसलेल्या माणसासकट चाक एका जागी फिरत नाही, त्यामुळे एकदम अख्खं धुता येत नाही. धाकटी मला उतारावर ढकलत आणायची, पुढची लहान चाकं ओट्याला लागली की तिथेच, उतारावरच, थांबवायची. ब्रेक. मग बादली, फिनाईलचं पाणी, ब्रश. चाकाचा वरचा अर्धा भाग स्वच्छ. मग ब्रेक काढून अर्धा फेरा पुढे, ओट्यावर, तिथे पुन्हा ब्रेक आणि उरलेला अर्धा भाग. खाचांत बसलेलं शेण ब्रशने निघत नाही. ते बोटाने काढावं लागतं. मी वरून बघून सांगायचे, "तिथे राहिलंय. अगं तिथे नाही, आऱ्यांच्या मागे." दिवसातून एकदा तरी, कधी दोनदा.

धाकटी सुरुवातीला म्हणाली होती, "ताई, ती मुलगी बोलली ना, पुसून चालतं म्हणून. झंझट कशाला?"

"पुसून?" मी म्हटलं. "शी! घाण पुसली म्हणजे पसरली. इतकंही तुला कळत नाही?"

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. मला वाटलं पटलं तिला.

गेल्या भाद्रपदात, महालक्ष्म्या बसायच्या आठवडाभर आधी ती म्हणाली, "ब्रेक आता पहिल्यासारखा टक् करून लागत नाहीये. गंज चढलाय त्याला. सायकलवाल्याला बोलावू का?"

मी डोळ्यांसमोर सायकलवाला आणला. त्याचे ते ग्रीसचे काळे हात, तोंडात मावा. आणि घर तर आम्ही चार दिवस खपून झाडून-पुसून ठेवलेलं, भिंतींची जळमटं काढलेली, महालक्ष्म्यांचे मुखवटे चिंचेने घासून लख्ख केलेले. "आता नको," मी म्हटलं. "महालक्ष्म्या उठल्या की बोलव. आत्ता तो सगळं काळं करून ठेवेल."

महालक्ष्म्या यायच्या त्या सकाळी आम्ही दौलतगंजात गेलो. केवडा, दुर्वा, कमळं, सोळा भाज्या. मला घरी ठेवून जा असं मीच म्हणायला हवं होतं, पण धाकटीला भाजी निवडता येत नाही असा माझा ठाम ग्रह होता. दोन पिशव्या भरल्या. मांडीवर फुलं होती, भाजीची माती फुलांना लागली असती, म्हणून पिशव्या मागच्या दांड्यांना अडकवल्या. वहीत चौथ्या नंबरावर लिहिलेला नियम, माझ्याच अक्षरात! येताना एका म्हशीने आमच्या पुढ्यातच रस्ता घाण केला. चुकवायला जागा नव्हती. दोन्ही चाकं त्यातून गेली.

दारात आलो तेव्हा अकरा वाजले होते. धाकटी घामाने निथळत होती. "ताई, आज फडक्याने पुसते ना. पुरण व्हायचंय, पावलं काढायची आहेत, उशीर होतोय."

"आज?" मी म्हटलं. "आज त्या उंबऱ्यातून यायच्या आहेत आणि तू शेणाची चाकं फिरवणार? काही लाजलज्जा?"

उतारावर खुर्ची थांबवून तिने दोन्ही ब्रेक लावले. हे मी डोळ्यांनी बघितलं. मग बादली आणली आणि दोन्ही चाकांवर भरपूर फिनाईलचं पाणी ओतलं.

आठवीच्या वर्गाला मी पस्तीस वर्षं घर्षण शिकवलं. ओल्या पृष्ठभागावर ते कमी होतं, साबणाने आणखी कमी होतं, उदाहरणार्थ न्हाणीघर. व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे तरी काय, रबरावर दाबून बसणारा लोखंडाचा एक तुकडा. तो गंजून ढिला झालेला, रबर फिनाईलने बुळबुळीत, खाली उतार, आणि मागे सोळा भाज्या. पोरं बरोबर उत्तर देतील असा प्रश्न होता तो. बाईंना सुचला नाही.

खुर्ची आधी वीतभर सरकली. मी "अगं!" म्हणेपर्यंत वेग आला. धाकटी बाजूला बसली होती. ती उठून मागे धावली आणि दोन्ही हात लावून उभी राहिली. माझं वजन, खुर्चीचं वजन, पिशव्यांचं वजन. ती कशी थोपवणार? एक चाक फरशीवरून निसटलं आणि खुर्ची उलटी होऊन आम्ही दोघी नालीत गेलो. मी वर, ती खाली. तिचा उजवा हात फरशी आणि चाक यांच्यात सापडला होता.

नालीतलं काळं पाणी माझ्या कानात गेलं, तोंडात गेलं. त्याची चव मी लिहिणार नाही. आणि लाज वाटते सांगायला, पण खरं तेच सांगते: त्या क्षणी माझ्या तोंडून धाकटीचं नाव निघालं नाही. "शी शी शी" निघालं. खालून ती विचारत होती, "ताई, तुला लागलं का? ताई?"

शेजारच्यांनी आम्हाला बाहेर काढलं. मला नुसतं खरचटलं होतं. मी तिच्या अंगावर पडले होते ना. तिचं मनगट नको तिकडे वळलं होतं. ई-रिक्शात घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरने विचारलं, "कैसे हुआ?"

"मेरी गलती थी," धाकटी म्हणाली. "ब्रेक लगाना भूल गई."

मी बाकावर दोन्ही हात टेकून बसले होते. माझ्या केसांतून काळा गाळ खांद्यावर गळत होता, लोक नाकाला रुमाल लावून लांबून जात होते. मी ते वाक्य ऐकलं, आणि गप्प बसले. नुसती गप्प नाही, मला बरं वाटलं. वाटलं, चला, माझ्यावर आलं नाही. त्या गाळाचा वास चार अंघोळींनी गेला. त्या बरं वाटण्याची किळस अजून गेलेली नाही, जायचीही नाही.

प्लास्टर घालून झाल्यावर तिनेच भावाला फोन लावला. एका हाताने धरवत नव्हता म्हणून स्पीकरवर ठेवला. ऐकलं मात्र, तो भडकलाच. "तीन वर्षं झाली, तुला एक साधा ब्रेक लावता येत नाही? ताईचं डोकं फुटलं असतं म्हणजे? अक्कल कुठे गेली होती तुझी?"

"चुकलं, दादा," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता आणि ती चुकलं म्हणत होती.

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. "ब्रेक तिने लावला होता," मी फोनकडे तोंड करून म्हटलं. "दोन्ही लावले होते. ते ढिले झाले होते, तिने आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, मी दुरुस्त करू दिले नाहीत. आज ती पुसते म्हणत होती, मी धुवायला लावलं. उतारावर. रोज लावते."

भाऊ इतकंच म्हणाला, "उद्या येतो."

मला वाटलं धाकटीला जरा तरी बरं वाटेल. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता बोललीस. डॉक्टरसमोर गप्प होतीस."

महालक्ष्म्या त्या वर्षी शेजारच्या काकूंनीच आत आणल्या आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवला. दुसऱ्या दिवशी भाऊ आला आणि धाकटीला घेऊन गेला. ती नको म्हणाली नाही. मी वाट बघत होते की म्हणेल.

आता सकाळी एक बाई येते. परकी. तिने पहिल्या दिवशी मला बाहेरून फिरवून आणलं, सरळ वर ओट्यावर नेलं, सपाटीवर ब्रेक लावला, फडकं पिळून दोन मिनिटांत चाकं पुसली आणि मी "थांब" म्हणायच्या आत मला घरात नेलं. मी मागे वळून फरशी बघितली. काही नव्हतं. इकडून तिकडून शोधलं तरी काही नव्हतं. सायकलवालाही येऊन गेला. त्याने ब्रेक उघडून मला दाखवला, आत गंजाचा चिखल झाला होता. "इसमें पानी किसने भरा, बहनजी?" त्याने विचारलं. नवे ब्रेक घातले, आणि हात स्वतःच्याच कपड्याला पुसून गेला. माझ्या भिंतीला त्याने बोट लावलं नाही. बाई दुपारी बाराला निघून जाते. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर मी त्यानंतर एकटीच सरकते. एकदा मधेच अडकले होते, अर्धी इकडे अर्धी तिकडे, पाऊण तास.

पहिले बारा दिवस धाकटीचा फोन आला नाही. भाऊ ख्यालीखुशाली कळवायचा. तेराव्या दिवशी तिने केला. इकडचं तिकडचं झालं, हात ठणकतो का वगैरे. मग तिने विचारलं, "चाकं कोण धुतं आता?"

"कोणी नाही. बाई फडक्याने पुसते."

"आणि तू तशीच आत येतेस?"

"येते."

"तीन वर्षं, ताई," ती म्हणाली. "तीन वर्षं मी ते शेण, ती थुंकी नखांनी काढली. आणि त्याच हातांनी तुला कणीक मळून पोळ्या वाढल्या. चाकांची तुला घाण वाटत होती. माझ्या हातांची कशी नाही वाटली गं? म्हणजे माझे हात तुला दिसतच नव्हते? मी तीन-तीनदा साबण लावायचे, तरी घास तोंडाकडे नेला की शिसारी यायची. अर्धी पोळी खाऊन उठायचे. इथे आल्यावर पोटभर जेवते." तिचा श्वास ऐकू येत होता. "मला वाटलं मला तुझा राग आलाय. राग नाही आलेला. मला तुझी किळस आलीय."

पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई मी. माझ्याकडे उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. त्या वेळीही चार उत्तरं तोंडाशी आली, मी आजारी, मी अपंग, मी थोरली, मला सवय. एकही उत्तर घरात घेण्यासारखं नव्हतं.

"किळस येणारच," मी म्हटलं.

तिला ते अपेक्षित नसावं. ती नाक ओढत होती. मग म्हणाली, "प्लास्टर अजून महिनाभर आहे. दादा विचारतोय, त्यानंतरचं परतीचं तिकीट काढू का."

"तू काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

काढ म्हणायचं होतं मला. उद्याचं काढ, प्लास्टरसकट ये म्हणायचं होतं. हात गुडघ्यावर घट्ट दाबून ठेवला.

"तुला यावंसं वाटलं तरच ये," मी म्हटलं.

"आणि तू? तुझं कसं चाललंय?"

"माझं अगदी नीट चाललंय," मी म्हटलं. "तू माझी काळजी करू नकोस."